दोन आगबोटी

जून २०२५ मधली गोष्ट. आमच्या ऑफिसातल्या सहाजणांचं बालीला जायचं ठरलं होतं. सहा महिने आधी सुट्ट्या टाकून झाल्या, मॅनेजरला गोड बोलून रिलीजची तारीख मागे-पुढे करून झाली, आणि जायला बरोबर अकरा दिवस राहिले असताना, १७ जूनला, इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी लाकी-लाकी हा ज्वालामुखी फुटला. राख दहा किलोमीटरच्याही वर गेली. दुसऱ्या दिवशी बालीची कितीतरी विमानं रद्द झाली आणि दिल्लीहून निघालेलं एक विमान अर्ध्या वाटेतून परत आलं.

(लाकी-लाकी म्हणजे पुरुष. शेजारीच दुसरं शिखर आहे, ते पेरेंपुआन, म्हणजे बाई. फुटतो तो बहुतेक वेळा पुरुषच. यावर आमच्या ग्रुपवर जे विनोद झाले ते इथे देत नाही.)

झालं, ग्रुपवर मतदान सुरू. जायचं, नाही जायचं, बघू. तीन-एक-दोन. 'बघू'वाल्या दोघांत मी. आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे मी लगेच एक्सेल उघडलं. लेवोतोबी ते बाली अंतर आठशेएक किलोमीटर. म्हणजे लाव्हा अंगावर येणार, दगड डोक्यात पडणार वगैरे काही नाही. प्रश्न फक्त विमानाचा. राख हवेत असेल तर विमान उडणार नाही, आणि आपण बालीला अडकू. बालीला अडकणे ही काही फार मोठी शिक्षा नव्हे :-)

शनिवारी गावी गेलो तेव्हा हे सगळं डोक्यात होतंच. गाव म्हणजे म्हसळा. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरला जाणारी तमाम पुण्या-मुंबईची मंडळी ज्या गावातून जातात आणि जिथे फारसं कोणी थांबत नाही, ते. मी पडवीत बसून फोनवर मित्राशी वाद घालत होतो. तो म्हणाला, "अरे, तिकिटं विकतायत ना अजून? विकतायत. म्हणजे सेफ आहे. नसतं तर बंद केली नसती का?" मला हे पटलं. फोन ठेवला आणि आजीला सांगितलं की बहुतेक जातोय, तिकिटं चालू आहेत.

आजी अठ्ठ्याऐंशीची. तिला बाली म्हणजे रामायणातला. पण ज्वालामुखी, बेट आणि तिकीट एवढं तिला कळलं. सुपातले तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "रामदासची पण चालूच होती."

त्या एका वाक्यापायी पुढचे दोन-तीन वीकेंड मी दोन आगबोटींच्या मागे लागलो. एक जावाजवळची, एक आपली. वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली. जी बोट मुद्दाम, जाहिरात करून, पेटलेल्या ज्वालामुखीवर माणसं घेऊन गेली, ती सगळ्यांना सुखरूप घरी घेऊन आली. आणि जी बोट रोजच्यासारखी, दीड तासाच्या रोजच्या फेरीला निघाली, ती पोचलीच नाही.

आधी जावाजवळची.

साल १८८३. (याच साली इंग्रज सरकारने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा आणि जंजिरा हा खंड छापला. म्हसळा तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दीकडे. म्हणजे साहेब इथल्या खाड्या, बंदरं आणि जकाती मोजत होता त्या वर्षीची ही गोष्ट.) जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीत क्राकाटोआ नावाचं एक बेट होतं. तिथला आधीचा उद्रेक १६८० च्या सुमाराचा, म्हणजे दोनशे वर्षांत काही नाही. २० मे १८८३ ला त्याने पुन्हा तोंड उघडलं. दीडशे किलोमीटरवरच्या बाताव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, दारं-खिडक्या थडथडल्या. आकाशात राखेचा खांब उभा राहिला. आणि मग आठवड्याभरात काय व्हावं? एका डच आगबोट कंपनीने सहलीची जाहिरात दिली. चला क्राकाटोआ बघायला!

मला हे वाचून आधी हसू आलं, मग जरा बरंही वाटलं. माणसं तेव्हाही अशीच होती तर.

बोटीचं नाव 'गव्हर्नर-जनरल लाउडन'. कप्तान लिंडेमान. प्रवासी ८६. शनिवारी, २६ मेला संध्याकाळी बाताव्हियाहून निघायचं, रविवारी बेट बघायचं, परत. चक्क वीकेंड ट्रिप. बरोबर एक फोटोग्राफर होता, आणि शूरमान नावाचा एक खाणींचा इंजिनियरही होता. आज त्या सहलीबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं या माणसाने टिपून ठेवलंय. इंजिनियर लोक सहलीतही नोट्स काढतात ही जुनी खोड दिसते.

रविवारी सकाळी ही मंडळी बेटावर उतरली. जंगल जळून बुंधे तेवढे उरलेले, सगळं राखाडी. राखेत पाय रुतत होते. तशा अवस्थेत ती पर्बुवातान नावाच्या सुळक्यावर चढली, आणि काठावर उभं राहून आत बघितलं. जवळपास किलोमीटरभर रुंद वाटी आणि तिच्या तळाशी एक भोक, त्यातून गर्जना करत वाफ आणि धूर वर येतोय. फोटो काढले. आठवण म्हणून प्युमिसचे, म्हणजे त्या पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या दगडाचे तुकडे खिशात घातले. खाली आले, बोटीत बसले, घरी आले. सगळेच्या सगळे.

आता या ८६ जणांना कोणी विचारलं असतं की जाणं सेफ होतं का, तर ते काय म्हणाले असते? "आम्ही गेलो, आलो, हे बघा दगड." त्यांच्याकडे पुरावा होता. पण बेट त्यांच्यासाठी थांबलं होतं असं थोडंच आहे. जूनमध्ये डानान नावाच्या दुसऱ्या सुळक्याजवळ आणखी एक तोंड उघडलं. ११ ऑगस्टला फेर्झेनार नावाचा डच कॅप्टन बेटाचा नकाशा काढायला गेला. त्याला तीन मोठी तोंडं धूर ओकताना दिसली आणि एक बाजू तर धुरामुळे पाहताच आली नाही. त्याने अर्धवट नकाशा दिला आणि कळवलं की इथे सर्व्हे करणं सध्या बरं नाही. माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात शहाणा माणूस. सहल त्याच्या आधी अडीच महिने होऊन गेली होती, आणि तो नोकरीचा भाग म्हणून गेला होता. तरी जेवढं दिसलं तेवढं काढून तो परत फिरला. तो सुळका, ती वाटी, तो नकाशा, काहीच पुढे सोळा दिवसांवर उरलं नाही.

२६ ऑगस्टला, पुन्हा एका रविवारी, दुपारी खरा उद्रेक सुरू झाला. आणि त्या दिवशी सुंदाच्या सामुद्रधुनीत कोणती बोट होती? 'लाउडन'. तोच कप्तान लिंडेमान. या वेळी सहल वगैरे काही नाही, नेहमीची फेरी. जावाच्या किनाऱ्यावरच्या अन्येर बंदरात तिने शंभराहून अधिक माणसं घेतली, त्यांत बरेचसे मजूर, आणि ती सुमात्राच्या तेलुक बेतुंगकडे निघाली. संध्याकाळी पोचली तर समुद्र इतका उसळलेला की माणसं उतरवता येईनात. रात्रभर राख पडत राहिली. सोमवारी पहाटे उजाडता उजाडता लिंडेमानला समुद्रातून पाण्याची भिंत येताना दिसली. त्याने नांगर उचलून बोटीचं तोंड सरळ लाटेकडे केलं आणि इंजिन पुढे रेटलं. बोट वर चढली, पलीकडे उतरली. मागे वळून बघितलं तर तेलुक बेतुंगचा किनारा पाण्याखाली. बंदरात उभी असलेली 'बेरौ' ही सरकारी गनबोट लाटेने उचलून दोनेक किलोमीटर आत जंगलात नेऊन टाकली. तिच्यावरचं कोणी वाचलं नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला शेवटचा स्फोट झाला, तो हिंदी महासागर ओलांडून ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर तोफेच्या आवाजासारखा ऐकू गेला. डच सरकारचा मृतांचा आकडा ३६,४१७. यातले बहुतेक लाटांनी गेले. क्राकाटोआवर पिकनिकला गेलेले नव्हेत बरं, आपापल्या गावात, आपापल्या घरात असलेले लोक. अन्येर गाव पुसलं गेलं. म्हणजे आदल्या दिवशी अन्येरला जे बोटीत चढले ते वाचले आणि ज्यांनी त्यांना धक्क्यावरून निरोप दिला ते गेले. राखेच्या चिखलाचा पाऊस आणि भर दिवसा काळोख अशात लिंडेमानने बोट बाहेर काढली. त्याचं कौशल्य वादातीत आहे. पण त्या मजुरांनी काय ठरवलं होतं? काहीच नाही. त्यांना कामावर जायचं होतं.

आता आपल्याकडची बोट.

इथे थोडं सांगितलं पाहिजे, कारण आपली पिढी गेटवेला एसी कॅटामरानमध्ये बसून मांडव्याला उतरते आणि वडापाव खाऊन अलिबागची रिक्षा पकडते. कोकणचा रस्ता होण्याआधी कोकणचा रस्ता म्हणजे समुद्र होता. मुंबईहून निघणाऱ्या आगबोटी किनाऱ्याने बंदरं घेत गोव्यापर्यंत जायच्या. पण हे सगळं पावसाळा सोडून. पावसात किनाऱ्याची आगबोट बंद. होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की पुन्हा पाण्यात. हे कोणी एकाने ठरवलं नव्हतं, आणि रोज उठून वाऱ्याकडे बघून 'आज जावं का' असा खल करायचीही गरज नव्हती. बंद म्हणजे बंद.

याला अपवाद मुंबई बंदराच्या आसपासच्या जवळच्या फेऱ्यांचा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी बोट पावसातही चालायची. जेमतेम दीड तास. समुद्र म्हणावा की खाडी म्हणावी असं पाणी.

'रामदास' १९३६ साली इंग्लंडात बांधलेली. सुमारे चारशे टनांची, १७९ फूट लांब. मालकी इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची. ही आपल्या लोकांनी आपल्या पैशांतून गोऱ्या कंपन्यांसमोर उभी केलेली कंपनी, म्हणून लोक तिला कौतुकाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोटींना संतांची नावं. म्हणजे ही बोट परकी नव्हती, घरची होती. लोकांचा तिच्यावर जीव होता. खरं तर १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी वादळात बुडाल्या होत्या, पण त्याला वीस वर्षं होऊन गेली होती.

गुरुवार, १७ जुलै १९४७. आषाढ अमावास्या, आपली गटारी. श्रावण तोंडावर आलेला. मुंबईत गिरण्यांत, गोदीत, दुकानांत काम करणारी अलिबाग-रोह्याकडची मंडळी घरी निघालेली. सकाळी आठच्या सुमाराला बोट सुटली. बोटीवर सातशेच्या वर माणसं. आता सरळ मनात येतं की खचाखच भरली असणार. पण कागदावर ती हजाराच्या वर माणसं नेऊ शकत होती. म्हणजे त्या हिशोबाने ओव्हरलोड नाही. माझ्या एक्सेलमध्ये टाकलं असतं तर हिरवा रंग आला असता.

धक्क्यावर असताना हवा बोट रद्द करण्याइतकी वाईट कोणाला वाटली नाही. बंदराबाहेर पडल्यावर वारा आणि पाऊस वाढला. बोट काश्याच्या खडकाजवळ आली तेव्हा लाटा मोठ्या झाल्या होत्या. पाणी आत येऊ लागलं, पावसाचा मारा चुकवायला आणि घाबरून लोक एका बाजूला सरकले, बोट कलली, आणि त्याच वेळी एक मोठी लाट आली. बोट आडवी झाली आणि काही मिनिटांत गेली. निघाल्याला अर्धा-पाऊण तास झाला होता फक्त. मुंबई पाठीमागेच होती.

आणि मुंबईला पत्ता नाही. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. रेवसच्या धक्क्यावर लोक वाट बघतायत, त्यांना वाटतंय बोट उशिरा येतेय. मुंबईवाल्यांना वाटतंय बोट केव्हाच पोचली. हे कित्येक तास चाललं. सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही टोकांना सगळं नॉर्मल दिसत होतं. पाण्यात पडलेल्यांना आधी सापडले ते कोळी. रेवसच्या बाजूचे कोळी मासळी घेऊन मुंबईला चालले होते. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात लोटून दिली आणि माणसं भरली. पंचाहत्तरएक माणसं त्यांनी काढली असं सांगतात. एक बारा वर्षांचा मुलगा तरंगत तरंगत पार गेटवेपर्यंत गेला आणि वाचला, अशीही हकीगत वाचायला मिळते. वाचलेली माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा कुठे मुंबईला कळलं. सहाशेच्या वर माणसं गेली. कप्तान शेख सुलेमान वाचले.

दुसऱ्या दिवशी, १८ जुलैला, लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची सही झाली. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलेलं. देशाला दुसऱ्या बातम्या होत्या. आज पुण्या-मुंबईतल्या माझ्या वयाच्या दहा जणांना विचारलं तर टायटॅनिकवर किती लाइफबोटी होत्या ते आठ जण सांगतील, रामदास कोणाला माहीत नसेल. मलाही नावापुरतीच माहीत होती.

आजीचं माहेर रेवसजवळचं. तेव्हा ती दहा वर्षांची. तिचा काका मुंबईला गिरणीत होता आणि गटारीला यायचा होता. त्याची बोट चुकली म्हणून तो वाचला, ही गोष्ट आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलीय. ट्राम मिळाली नाही, धावत धक्क्यावर पोचला, तोवर शिडी काढली होती, वगैरे.

एक सांगू का, अलिबाग तालुक्यात बोट चुकलेला काका प्रत्येक घरात आहे. मी नुसतं ओळखीच्यांत विचारलं तर पाच निघाले. कोणाचं पाकीट विसरलं, कोणाच्या पोराला ताप आला, कोणाला आदल्या रात्री स्वप्न पडलं. हे सगळे खरे मानले तर रामदासवर पाच हजार माणसं बसायला निघाली होती असं म्हणावं लागेल. आपल्या धंद्यात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. जे गेले ते सांगायला उरले नाहीत, आणि जे उरले त्यांना आपल्या उरण्याला काहीतरी कारण हवं असतं.

हे सगळं मी आजीला, तिला राग येणार नाही अशा बेताने, समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या काकाची बोट चुकली-बिकली काय नव्हती. तो शनवारीच येणार होता. त्याला सुट्टीच नव्हती मिळाली. मागाहून सांगायला लागला तसं."

"मग इतकी वर्षं तू बोलली नाहीस ते?"

"त्याच्या चाळीतली तिघं होती बोटीत. तो तसं सांगायचा तेव्हा बरं वाटायचं त्याला. कशाला बोलायचं?"

त्या दिवसाचं तिला स्वतःला काय आठवतं? धक्क्यावर वाट बघून परत आलेली माणसं, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरांना किनाऱ्याकडे फिरकू दिलं नाही ते. कित्येक दिवस घरात मासळी आणली नाही. बाकी तिला आठवत नाही, की सांगायचं नाही, कोण जाणे. मी जास्त विचारलं नाही.

पण तिचा मुद्दा मला आता नीट कळला होता. चाळीतली ती तिघं काही धाडस करायला निघाली नव्हती. त्यांनी 'जावं की न जावं' असा विचारच केला नव्हता, कारण तसा प्रश्न आहे हेच त्यांच्यासमोर कोणी आणलं नव्हतं. खिडकी उघडी होती, तिकीट मिळालं, म्हणजे कोणीतरी विचार केला असणार. आणि खिडकीतल्या माणसाला वाटलं असणार, वेळापत्रकात फेरी आहे, कप्तान बघून घेईल. कप्तान म्हणाला असेल, रोज तर जातो. निर्णय सगळ्यांच्या हातून जात होता आणि कोणाच्याच हातात नव्हता. १८८३ च्या मे महिन्यात लाउडनवर चढलेल्या त्या ८६ जणांना निदान एवढं पक्कं ठाऊक होतं की आपण पेटलेल्या डोंगरावर चाललोय.

अर्थात पेटलेल्या डोंगरावर जाणारे सगळे परत येतात असंही नाही. न्यूझीलंडजवळच्या व्हाकारी, म्हणजे व्हाइट आयलंडवर वर्षानुवर्षं सहली जायच्या. १८ नोव्हेंबर २०१९ ला तिथल्या भूशास्त्रज्ञांनी धोक्याची पातळी एकवरून दोनवर नेली. सहली चालूच राहिल्या. ९ डिसेंबरला दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी बेट फुटलं तेव्हा वर ४७ माणसं होती. २२ गेली. त्यातले पुष्कळसे एका मोठ्या क्रूझ जहाजाचे प्रवासी. जहाजावर दिवसभराच्या सहलींची यादी असते, त्यातली एक निवडलेली. कोणी डॉल्फिन, कोणी ज्वालामुखी. पुढे खटले झाले. बेटाच्या मालकांच्या कंपनीला २०२३ मध्ये दोषी धरलं आणि २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने ते फिरवलं. सुरक्षिततेची जबाबदारी जमीनमालकाची की सहल नेणाऱ्याची, यावर वाद. म्हणजे तेच. पातळी दोन म्हणजे काय हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. बेटावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात मात्र तिकीट होतं.

मग माझ्या बालीचं काय? इथे चित्र थोडं वेगळं आहे आणि तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हा लेख उगाच घाबरवणारा होईल. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं लंडनहून ऑकलंडला निघालेलं जंबो जेट, हो, आपल्या मुंबईला थांबून पुढे गेलेलं, क्वालालंपूरनंतर रात्री जावाच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. विमानाच्या रडारला ढगातलं पाणी दिसतं, कोरडी राख दिसत नाही. चारही इंजिनं बंद पडली. राख इंजिनात वितळून आत चिकटते. २६३ माणसांना घेऊन ते विमान ३७,००० फुटांवरून तरंगत खाली आलं, राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं परत चालू झाली आणि ते जाकार्ताला उतरलं. सगळे वाचले. त्या विमानातही कोणी काही ठरवलं नव्हतं. आज मात्र जगात नऊ केंद्रं फक्त ज्वालामुखीच्या राखेवर लक्ष ठेवून असतात. इंडोनेशियाचं ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमधून चालतं. राख कुठे, किती उंचीवर, हे ते सांगतात आणि विमानं थांबतात. १८ जूनला अर्ध्या वाटेतून विमान परत आलं तेव्हा ग्रुपवर त्या कंपनीला जी नावं ठेवली गेली, त्यात मीही होतो. आता वाटतं की ते परत आलेलं विमान हीच माझ्याकडची सगळ्यात चांगली माहिती होती. तिकिटं चालू आहेत यापेक्षा कितीतरी जास्त.

मी ग्रुपवर लिहिलं की मी 'जायचं'ला मत देतो. पण मला तिकीट चालू आहे का ते नको, डार्विन काय म्हणतंय ते रोज कोण बघणार ते सांगा. उत्तर आलं, "तूच बघ." मग रोज सकाळी मीच बघितलं. २८ जूनला पाचजण गेले. सहाव्याच्या, म्हणजे माझ्या, नशिबी तो पुढे-मागे केलेला रिलीज आला, तो नेमका त्याच आठवड्यात. म्हणजे मी वाचलो वगैरे काही नाही, आणि पुढे म्हातारपणी नातवंडांना 'माझं बालीचं विमान चुकलं होतं' असं सांगणारही नाही. सगळे उन्हाने काळे होऊन, मजा करून परत आले. लेवोतोबी ७ जुलैला पुन्हा फुटला आणि पुन्हा विमानं रद्द झाली. तेव्हा ही मंडळी ऑफिसात कामाला लागली होती.

जाता जाता एक. आपण म्हसळ्याला ज्या काळ्या कातळावर घर बांधतो, ज्याच्या जात्यावर आजीने जन्मभर दळलं, तो सगळा लाव्हाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर, पार विदर्भापर्यंत पसरलेला. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग थंड झाला ना तो?"

जुलैच्या मध्याला पुन्हा गावी गेलो होतो. रविवारी मुरूडला मित्राकडे जायचं म्हणून म्हसळ्याहून दिघीला गेलो. दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट आहे, बाईक-गाड्या सगळं जातं, आणि मोठा वळसा वाचतो. पाऊस होता, पण फार नव्हता. पलीकडचा किनारा दिसत होता. मनात म्हटलं, इतक्यात काय होतंय. खिडकी बंद. शेजारी टपरीवर रेनकोट घातलेला एक खलाशी चहा पीत होता. विचारलं, बोट कधी?

"आज नाय. वारा हाय."

"कोणी सांगितलं बंद ठेवायला?"

"कोन सांगनार? मीच." आणि त्याने टपरीवाल्याला मलाही एक चहा द्यायला सांगितलं.